कात्रीकाकू ‘छान’ म्हणत नसत

सकाळी आमच्या घरात प्रत्येक जण काही ना काही शोधत असतो. नवरा मोज्याची दुसरी जोडी, मुलगी शाळेच्या ओळखपत्राची दोरी, आणि मी या दोघांना नाकासमोरच्या वस्तू का दिसत नाहीत त्याचं कारण. त्या दिवशीही तेच चाललं होतं. गॅसवर दूध, हातात इस्त्री, आणि मोजे सापडत नाहीत म्हणजे ते मीच कुठेतरी दडवून ठेवलेत, अशा सुरात बेडरूममधून येणाऱ्या हाका. तेवढ्यात दार वाजलं.

बेल असताना दार वाजवणारं आमच्या इमारतीत एकच माणूस. तळमजल्यावरच्या कात्रीकाकू. बेल सगळ्या घराला बोलावते, टकटक जिचं काम असेल तिला, असं त्यांचं म्हणणं.

“अगं, दूध बघ तुझं,” त्या उंबऱ्यातूनच म्हणाल्या. मी वळेपर्यंत ते ओट्यावरून खाली निघालं होतं. काकूंनीच पुढे होऊन गॅस बंद केला, फडकं माझ्या हातात दिलं आणि दुसऱ्या हाताने फोन पुढे केला.

“पुसता पुसता हे वाच. इंग्रजीत आहे, आणि लाल अक्षरांत आहे. लाल अक्षरांत कुणी कुणाला शाबासकी देत नाही, एवढं मला कळतं.”

फोन म्हणत होता, माझं पोट भरलंय. जागा संपली, आता एकही नवा फोटो उतरणार नाही.

“म्हणजे बायकांचे फोटो येणार नाहीत?”

“जुने पुसल्याशिवाय नाही येणार.”

“पुसायचे कसे? अजून कितीतरी जणींना मी उत्तर दिलेलं नाही.” त्या स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसल्या. एरवी उभ्याउभ्याच बोलून जाणाऱ्या बाई. “त्या तिकडे कापड हातात धरून बसल्या असतील गं.”

हे फोटो कसले, ते सांगायला हवं.

काकूंनी आयुष्यभर गणवेशांच्या कारखान्यात काम केलं. आधी मशीनवर, आणि मग नवरा गेल्यानंतरची सगळी वर्षं शेवटच्या टेबलावर, तपासणीला. शिवून आलेला प्रत्येक कपडा उलटा करायचा, शिवणीवरून बोट फिरवायचं, काखेत आणि खिशाच्या कोपऱ्यात दोन्ही अंगठ्यांनी ताणून बघायचं. टिकेलसा वाटला तर उजवीकडे टाकायचा, नाही तर खडूची फुली मारून डावीकडे. डावीकडचा ढीग मोठा झाला की मुकादमाच्या कपाळाला आठ्या पडायच्या. “बाई, गिऱ्हाईक आतून बघतं का?” तो विचारायचा. “गिऱ्हाईक आत असतं,” काकू म्हणायच्या, आणि पुढचा कपडा उलटा करायच्या. कात्री हे नाव त्यांना तिथेच पडलं. त्यांच्या गळ्यात दोरीला एक छोटी कात्री असायची म्हणून, असं त्या सांगतात. जिभेवरून पडलं असं बाकीचे सांगायचे.

कारखाना बंद झाला आणि काकू घरी बसल्या. बसल्या म्हणजे खरोखर खुर्चीत बसल्या, खिडकीकडे बघत. मुलगी लग्न होऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला. कारखान्यातल्या एका जुन्या सोबतिणीने फोनवर विचारलं, अगं, शर्टाची कॉलर अशी का उभी राहते? काकूंनी सांगितलं, आतल्या बाजूचा फोटो पाठव. फोटो बघून त्यांनी बोलून उत्तर पाठवलं. मग त्या सोबतिणीची भाची, भाचीची शेजारीण, असं करत करत फोनवर एक ग्रुपच झाला. काकू आठवड्यातून एकदा फोन पुस्तकांच्या थप्पीला टेकवून समोर कापड कापून दाखवायच्या. बायका घरी शिवायच्या आणि फोटो पाठवायच्या. अट एकच, फोटो उलट्या बाजूचा. सुलट बाजूचा फोटो आला तर उत्तर यायचं, “हे तुझ्या नवऱ्याला दाखव. मला आतून दाखव.”

आणि काकूंचे शेरे दोनच. “उसव.” नाही तर “चालेल.”

उसव म्हणजे टाके काढ आणि पुन्हा शिव, आणि पुढे कारण: धागा सैल आहे, कोपऱ्यात वळताना सुई वर ठेवलीस, काखेत शिवणीबाहेर कापडच सोडलेलं नाहीस. चालेल म्हणजे चालेल. त्यापलीकडे बक्षीस नाही. एकदा मी म्हटलं, “काकू, बिचारीने एवढ्या हौसेने शिवलंय, छान म्हणा की.” त्या म्हणाल्या, “छान म्हटलं की हात थांबतो. आणि मी छान म्हणायचं, आणि ते अंगावर फाटायचं? मग माझ्या शब्दाला काय अर्थ राहिला?” त्या ग्रुपमधल्या बायका ‘चालेल’साठी जीव टाकायच्या. कुणाला चालेल मिळालं की बाकीच्या फुलं पाठवायच्या, आणि काकू वैतागायच्या, “फुलांखाली माझे फोटो बुडतात गं.”

तर हे असं सगळं फोनच्या पोटात मावेनासं झालं होतं.

त्या सकाळी दूध पुसून झाल्यावर मी म्हटलं, “काकू, याला आता नीट जागा हवी. हल्ली अशा वर्गांसाठी तयार खोल्या मिळतात, इंटरनेटवर. सभासद आत, बाकीचे बाहेर.”

“भाड्याने?”

“भाड्यानेच.”

“मग आधी बघून येऊ,” त्या म्हणाल्या. जागा बघायला जावं तशा.

पुढचा सबंध पंधरवडा दुपारची माझी भांडी पडून राहिली आणि आम्ही दोघी माझ्या लॅपटॉपसमोर जागा बघत बसलो. इंग्रजी वाचायचं काम माझं, प्रश्न विचारायचं त्यांचं. एका ठिकाणी सगळं स्वस्तात होतं, पण व्हिडिओ एकीकडे, फीचं काम दुसरीकडे, गप्पा तिसरीकडे. “म्हणजे तीन दारं, तीन किल्ल्या,” काकू म्हणाल्या. “माझ्या बायका पहिल्याच दारात हरवतील.” दुसरी जागा फार देखणी. तिथे वर्गणी परदेशी कार्डाशिवाय भरता येत नव्हती. “माझ्या बायकांकडे घरच्या कपाटाची किल्ली नसते, कार्ड कुठलं.” तिसऱ्या ठिकाणी सभासदांना फक्त लिहिता यायचं, फोटो टाकता यायचा नाही. त्यावर त्यांनी लॅपटॉपचं झाकणच अर्धं मिटलं.

चौथी जागा जमली. व्हिडिओ, वर्गणी, फोटो, बोलून उत्तर, सगळं एकाच छपराखाली. वर्गणीतला थोडा वाटा ते लोक कापून घेणार होते. आम्ही आधी फुकटात वापरून पाहायचं ठरवलं. मी खोटी सभासद झाले, आमच्या उशीचा अभ्रा उलटा करून त्याचा फोटो टाकला. काकू माझ्याच शेजारी बसून, माझ्याच अभ्र्याकडे फोनमध्ये बघत होत्या. जरा वेळाने माझ्या लॅपटॉपमधून त्यांचा आवाज आला, “उसव.”

“काकू, हा मी विकत आणलाय!”

“मग दुकानदाराला सांग.”

त्या दिवशी त्या इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले. मला वाटतं, त्या सगळ्या काळातली ती एकच निर्भेळ दुपार.

खरी खोली घ्यायची तेव्हा रविवारी काकूंची मुलगी आणि जावई आले. जावई एका कंपनीत संगणकाच्याच कामाला. हसतमुख, आवाज कधी न चढवणारा. सासूला ‘आई’ म्हणणारा, आल्या आल्या चपला ओळीत लावणारा. काकू त्याच्यामागे त्याला जावईबापू म्हणत आणि तोंडावरही जावईबापूच म्हणत. त्याने आमची चौथी जागा बघितली, भुवया उंचावल्या. “चांगलं निवडलंय तुम्ही. मला वाटलं होतं, मलाच पहिल्यापासून करावं लागेल.” काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मीच त्यांची मुलगी आणि परीक्षेत मीच पहिली आले.

मग त्याने नाव भरलं, काकूंचा फोटो लावला. तो फोटो मुलीने तिथल्या तिथे काढला होता, गळ्यात टेप, चेहऱ्यावर ‘लवकर आटप’ असा भाव. पुढच्या पानावर प्रश्न आला: या खोलीत कोण कोण, आणि कुणाला काय अधिकार? चार नावं होती. मालक, व्यवस्थापक, शिक्षक, सभासद. मी मोठ्याने वाचून दाखवलं.

“मालक काय करतो?”

“सगळं,” जावई म्हणाला. “बंद करू शकतो, कुणाला काढू शकतो, पैसे कुठल्या खात्यात जायचे ते ठरवतो. एकच असतो.”

“आणि चुकून काही दाबलं गेलं तर?”

“तर जाऊ शकतं सगळं.”

काकूंनी हात मांडीखाली घेतले. “नको बाई. मला शिक्षक करा. मी शिक्षकच आहे.”

मी म्हटलं, “काकू, खोली तुमची आहे. मालक तुम्हीच राहा, दाबायचं काम मी करीन.”

जावई हसतच होता, पण लॅपटॉपवरचं त्याचं बोट थांबलं. काकूंनी मला डोळ्यांनी दटावलं, आणि मुलगी चहाचे कप गोळा करत म्हणाली, “यांच्याकडे राहिलं काय नि आईकडे राहिलं काय, घरातल्या घरातच आहे ना?”

“तर काय,” काकू म्हणाल्या. “जावईबापू, तुमचंच नाव घाला.”

ते गेल्यावर त्यांनी मला फैलावर घेतलं. “जावयासमोर असं बोलतात का? त्यांना काय वाटलं असेल, सासूचा विश्वास नाही म्हणून? माझी पोर त्या घरात नांदते गं.” ज्या बाईने मुकादमाला कधी जुमानलं नाही, ती जावयाची मर्जी अशी सांभाळत होती जशी काचेची बरणी.

नव्या खोलीत बायकांना आणायचं काम काकूंनी स्वतः केलं. एकेकीला फोन करून, कुठे बोट लावायचं ते सांगून. जुना ग्रुप बंद करा, दोन ठिकाणं असली की लोक गोंधळतात, असं जावयाने सांगितलं होतं. ते खरंच होतं. काकूंनी ग्रुप स्वतःच्या हाताने पुसला. त्या वेळी मात्र काही चुकून दाबलं जाईल याची त्यांना भीती वाटली नाही.

जावयाने मेहनत घेतली, हे मी नाकारणार नाही. ऑफिसातून आल्यावर तो व्हिडिओ कापायचा, आवाज स्वच्छ करायचा, जाहिराती लिहायचा. सभासद वाढत गेल्या. ज्या गावांची नावं काकूंनी ऐकली नव्हती तिथून बायका यायला लागल्या. मग त्याचं ऑफिस सुटलं, म्हणजे ऑफिसनेच त्याला सोडलं, आणि हा वर्ग त्याचा पूर्णवेळ धंदा झाला. तेव्हापासून ‘आईंचा वर्ग’ हे शब्द ऐकू येईनासे झाले. ‘आमचा प्लॅटफॉर्म’ ऐकू येऊ लागला.

बदल एकदम झाला नाही, हळूहळू झाला. आधी आठवड्याचा थेट वर्ग थांबला. “आई, रेकॉर्डिंग आहेत की सगळी. तेच तेच पुन्हा कशाला कापत बसता, कापड वाया.” मग काकूंना सांगण्यात आलं की बोलून उत्तरं देण्यात फार वेळ जातो, थोडक्यात लिहा. थोडक्यात तर त्या आधीपासूनच बोलत होत्या. ‘उसव’पेक्षा थोडक्यात काय असणार? पण नेमका तोच शब्द जावयाला खुपत होता. “नवीन सभासद दुखावतात, आई. दुखावले की वर्गणी बंद करतात.”

“दुखावू देत. शर्ट तर टिकेल.”

तो हसला होता. त्याच्या हसण्याचं मला नेहमी नवल वाटायचं. समोरच्याचं म्हणणं खोडून न काढता ते बाजूला ठेवून द्यायची त्याची एक पद्धत होती.

मग एका सकाळी मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते, तर काकू जिना चढून वर आल्या. गुडघ्यांमुळे त्या गच्चीवर येत नसत. धापा टाकत त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. “हे काय म्हणतंय बघ. कालपासून बायका दिसतच नाहीत.”

मी ओल्या हातांनी वाचलं. या खोलीत प्रवेश करण्याची तुम्हाला परवानगी नाही.

पुन्हा वाचलं, आणि तसंच सांगितलं. सौम्य करून सांगण्यासारखं त्या वाक्यात काही नव्हतं. काकू पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर बसल्या. मुलीला तिथूनच फोन लावला. मुलगी म्हणाली, यांनी योजना बदलली आहे, नव्या योजनेत शिक्षकाच्या जागेचे वेगळे पैसे पडतात, आणि तू आता शिकवत नाहीस ना, म्हणून ती जागा कमी केली. “सांगायचं राहून गेलं गं आई.”

“बरं,” काकू म्हणाल्या. फोन ठेवल्यावर मला म्हणाल्या, “कारखान्याने निदान नोटीस चिकटवली होती दारावर.” आणि माझ्या बादलीतले चिमटे उचलून माझे कपडे वाळत घालायला लागल्या. नवऱ्याचा शर्ट त्यांनी सवयीने उलटा केला, काखेत ताणून बघितला आणि दोरीवर टाकला.

मला वाटलं होतं, आता त्या पुन्हा खिडकीकडे बघत बसतील. तशा त्या बसल्याही. पण थोड्याच दिवसांत एक फोन आला. मी तिथेच होते, त्यांच्या डोळ्यांत औषध घालायला गेले होते. डोळे मिटलेले म्हणून फोन त्यांनी मोठ्या आवाजावर ठेवायला सांगितला. पलीकडे जुन्या ग्रुपमधली एक नर्स होती. तिने काकूंचा नंबर जपून ठेवला होता.

“काकू, रागावणार नसाल तर बोलू?”

“रागावेन की नाही ते ऐकल्यावर ठरवीन. बोल.”

“माझा ड्यूटीचा कोट. तुमच्या नव्या खोलीतल्या धड्यावरून शिवला होता. काल वॉर्डात एका म्हाताऱ्या बाबांना उठवून बसवत होते, तर काखेतून कमरेपर्यंत उसवत गेला. सगळ्यांसमोर. बाबा घाबरले, त्यांना वाटलं त्यांनीच फाडला.”

“आतून फोटो टाकला नव्हतास?”

“टाकला होता ना! मलाच शंका होती, काखेत कापड कमी सोडलंय म्हणून. तसं लिहिलंही होतं फोटोखाली. पण तुमचं लगेच उत्तर आलं. तुम्ही म्हणालात, छान, असंच शिवत राहा.”

काकूंनी डोळे उघडले. औषध गालावरून खाली ओघळलं.

“मी?”

“तुमचा फोटो होता शेजारी. टेपवाला.” नर्स कसनुसं हसली. “खरं तर तुम्ही छान म्हणालात तेव्हाच मला कळायला हवं होतं.”

नर्सने मग पाठवून दिलं, तिला आलेलं उत्तर. मी इतर बायकांच्या फोटोंखालीही बघायला सांगितलं, तिने तेही पाठवले. सगळीकडे तेच. फोटो टाकला की क्षणात काकूंचा चेहरा आणि खाली छान, असंच शिवत राहा. लोंबणाऱ्या धाग्यांनाही छान, वाकड्या कॉलरीलाही. एका बाईने चुकून तिच्या मांजराचा फोटो टाकला होता. त्यालाही छान, असंच शिवत राहा.

मला हसू आलं, आणि काकूंच्या चेहऱ्याकडे बघून ते घशातच राहिलं. त्या एकेक फोटो बोटांनी मोठा करून बघत होत्या. “उसव,” त्या फोनला म्हणाल्या. पुढचा फोटो. “उसव.” पुढचा. “ही तर चांगली शिवायची गं, हिला काय झालं?” कुणी ऐकत नव्हतं. मी होते, पण माझा त्यात काय उपयोग?

“उद्या जाते,” त्या शेवटी म्हणाल्या. “तू चल. इंग्रजीत काही बोलले तर तू ऐक.”

बसमध्ये त्या मनाशी उजळणी करत होत्या. खिडकीच्या काचेवर बोट टेकवून मला सांगितलं, तीन गोष्टी बोलायच्या. एक, मला मालक करा. दोन, आठवड्याचा वर्ग पुन्हा सुरू. तीन, ते छान छान आजच्या आज बंद. “आणि मी रडणार नाही. रडायला लागले तर मला चिमटा काढ.”

जावयाने दार उघडलं, नेहमीसारखं हसून. आम्हाला सोफ्यावर बसवलं, पंखा आमच्याकडे वळवला. जेवणाच्या टेबलावर त्याचे दोन संगणक होते, त्यावर वर चढत जाणाऱ्या रेघा. काकूंनी त्याला प्रवासाची, गुडघ्यांची, हवेची विचारपूस करू दिली, आणि मग म्हणाल्या, “जावईबापू, मला मालक करता येईल का हो?”

“आई, त्याने काय होणार?” त्याने खुर्ची जवळ ओढली. “तांत्रिक अडचण अशी आहे, की मालक बदलला की चालू असलेल्या सगळ्या वर्गण्या तुटतात. प्रत्येकीला नव्याने भरायला सांगावं लागतं. निम्म्या तरी गळतील. वहिनी, तुम्हाला कळतंय ना मी काय म्हणतोय?”

मला कळत होतं. ते त्या जागेच्या अटींमध्ये खरंच लिहिलेलं होतं. आम्ही दोघींनी जागा बघताना दारं मोजली, खिडक्या मोजल्या, पण मधेच मालक बदलायची वेळ आली तर काय, हे विचारायचं आम्हाला सुचणार तरी कसं?

“बरं, ते राहू दे,” काकू म्हणाल्या. “वर्ग घेत जाईन मी आठवड्याला. फुकट घेईन. त्या बाकीच्या उत्तरांपेक्षा...”

“ती स्वयंचलित आहेत, आई. लोकांना उत्तर लगेच लागतं. दोन दिवसांनी तुम्ही उसव म्हणणार, तोवर ती बाई दुसऱ्या कुणाच्या वर्गाला गेलेली असते. हे सुरू केल्यापासून सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण बघा.” त्याने संगणक आमच्याकडे वळवला. रेघ खरोखरच खाली आली होती. “लोकांना तुमच्या तोंडून चार गोड शब्द हवे असतात. तुमचा चेहरा म्हणजे विश्वास. तुम्ही ब्रँड आहात, आई.”

“नर्सचा कोट फाटला वॉर्डात.”

“वाईट झालं. तिला एक महिना मोफत देऊ.”

मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने काकूंना आत बोलावलं, कप काढायला म्हणून. घर लहान, सगळं ऐकू येत होतं.

“आई, ताणू नकोस. यांना दुसरी नोकरी मिळत नाहीये. आमचं सगळं आता त्याच्यावरच चाललंय.”

“माझ्या नावावर चाललंय गं, राणी.”

“मग काय करू? बंद करायला सांगू? सांगते. तू म्हणशील तसं. मग पुढे आम्ही काय करायचं तेही सांग.”

कप बशीवर ठेवल्याचा आवाज आला. मग बराच वेळ नळ चालू होता. जावई माझ्याशी पंख्याच्या वेगाबद्दल बोलत होता.

काकू बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात चहाचा ट्रे होता. त्यांनी जावयाला आधी कप दिला. चहा घेता घेता शेजाऱ्यांचं, बसच्या नव्या मार्गाचं बोलणं झालं. ‘आजच्या आज बंद करा’ ही तिसरी गोष्ट त्यांनी काढलीच नाही. मी त्यांच्याकडे बघत होते, चिमट्याची वेळ येते की काय म्हणून, पण डोळे कोरडे होते. कारखान्यातल्या टेबलावर त्यांचा चेहरा कसा असेल ते मला त्या दिवशी दिसलं.

निघताना मुलीने आईला घट्ट धरलं. जावई दारापर्यंत आला, वाकून काकूंच्या चपला त्याने सुलट करून पुढे ठेवल्या. काकूंनी चपला घातल्या, भिंतीचा आधार घेतला आणि त्याच्याकडे वळल्या.

“जावईबापू, खोली तुम्हीच चालवा. व्हिडिओही राहू देत, पोरीचा संसार आहे. एवढंच करा. त्या उत्तराशेजारचा माझा फोटो काढून टाका.”